शेपूट पुढे असलेलं विमान

आदरणीय मुरलीधरअण्णांची नि माझी पहिली भेट सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली आणि त्या भेटीत त्यांनी मला चक्क हाकलून लावलं. मी शेजारच्या कारखान्यात फिटर होतो. पहिली पाळी सुटल्यावर आत डोकावलो, समोरचा सांगाडा पाहिला आणि म्हणालो, "अहो, तुम्ही शेपूट पुढे लावलंय!" अण्णा म्हणाले, "शेपूट कुठे लावायचं हे कळणारी माणसं बाहेर पुष्कळ आहेत. त्यांच्यात जा." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात कानस दिली.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. सारी नोकरी विमानांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेली, पण जीव जडला तो जगाने वेड्यात काढलेल्या विमानांवर. ताटासारखा गोल पंख असलेलं, शेपटीवर उभं राहून सरळ वर जाणारं, हवेत पंख तिरका फिरवणारं. रविवारी चहा पाजून ते शेडमध्ये मदतीला येणाऱ्या आम्हा मंडळींना एकेकाची चित्रं दाखवत. आम्ही हसलो की म्हणत, "हसा, पण ते तसं का केलं हे आधी विचारा." स्वतःसाठी त्यांनी निवडलं ते नाकापाशी छोटा पंख आणि मागे मोठा पंख नि इंजिन असलेलं एका माणसाचं विमान. पहिलीवहिली विमानं अशीच होती, हे ते दहा वेळा सांगत.

छोट्या पंखाने नाक उचलायचं, म्हणून वजनाबाबत अण्णा भलतेच कडक. भाजीबाजारातून आणलेल्या तराजूवर रंगाचा डबासुद्धा मोजून घेत. खंडेनवमीला आम्ही हौसेने विमानाला झेंडूचा हार घातला, तर म्हणाले, "पूजा झाली ना? काढा आता. हा माझ्या गणितात नाही." शेवटची मोजणी झाली की विमानाला कुणी हात लावायचा नाही, हा शेडचा एकमेव नियम.

माणसांच्या बाबतीत मात्र ते कधी हात आखडता घेत नसत. माझी मुलगी दहावीला गणितात अडकली, तेव्हा वर्षभर संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तिला शिकवलं. चहापलीकडे काही घेतलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला मला आठ वर्षं लागली. नव्वदचं दशक सरता सरता, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अण्णा स्वतः विमानात बसणार होते. सटाण्याच्या अलीकडे, त्यांच्या भाच्याच्या शेतालगतच्या माळावर विमान हातभर जरी उचललं, तरी त्यांना पुरे होतं. अण्णांच्या घरून निघताना त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला बाजूला घेतलं. "ते कुणाचं ऐकायचे नाहीत. पण तुम्ही आहात ना? त्यांना काही होऊ देऊ नका हो." कारखान्यातल्या जुन्या लोकांकडून एकच ऐकलेलं : शेपूट जड झालं तर जिवावर बेततं, नाक जड असलेलं बरं. शेवटची मोजणी झाल्यावर मी नाकात शिशाचे दोन ठोकळे बसवले आणि कुणाला बोललो नाही.

विमान माळभर धावलं. नाक काही उचललं नाही. शेवटी बांधाला धडकून पुढचा पंख मोडला. अण्णांचं कोपर खरचटलं, तेवढंच. बाहेर येऊन, पँट झटकत ते म्हणाले, "गणित चुकलं माझं." मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सामान आवरताना ठोकळे गुपचूप पिशवीत टाकले.

अण्णांनी पुन्हा पेन्सिल हातात धरली नाही. शेड सोडली, सांगाडा भंगारात गेला. कहर म्हणजे, त्याच आठवड्यात ते माझीच समजूत घालायला घरी आले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या कामात खोट नव्हती." तेव्हाही मी गप्प राहिलो! भित्रा म्हणा, नालायक म्हणा, मला दोन्ही मान्य आहे.

त्यांना न सांगता हे गौरव अंकात छापणं बरं नव्हे, म्हणून गेल्या आठवड्यात लेख घेऊन गेलो. त्यांची नजर आता अधू झाली आहे, म्हणून मीच वाचून दाखवला. मग गावाकडच्या बोलीत, स्वतःशीच म्हणाले, "माले वाटनं, मनीच चूक शे." आठ वर्षं ते चूक स्वतःचीच धरून बसले होते. ठोकळ्यांचं वजन विचारलं. डोळे मिटून मनातल्या मनात आकडेमोड केली. "उडालं असतं रे," म्हणाले. काकू आतून पाणी घेऊन आल्या, तर त्यांना हेच पुन्हा सांगितलं, "अगं, उडालं असतं."

अण्णांच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, डोळ्यांना आराम पडावा, ही सर्वांबरोबर माझीही प्रार्थना. माझं आयुष्य तुम्हाला लागो, असं आपण थोरामोठ्यांना सहज म्हणतो. मी सहज म्हणत नाही. त्यांची आठ वर्षं मी घेतली आहेत.