राखलेला हात

तुमसरला मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वाटेवरच्या राइस मिलमध्ये धान उकडणारा एक माणूस सकाळी हौदापाशी दिसायचा, वाफेत, ढगात उभा असल्यासारखा. पाणी किती तापलं हे बघायला तो डाव्या हाताची बोटं क्षणभर बुडवायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा, “येऊन राहिलं.” उजवा हात कायम पाठीमागे.

वर्गात मी मुलांना एक हात गरम, दुसरा गार पाण्यात बुडवायला लावायचो आणि मग दोन्ही कोमट पाण्यात. हात फसतात, म्हणून थर्मामीटर लागतो. हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, “दोन्ही हात कायले बुडवता गुरुजी? एक राखून ठेवा लागते.”

“कशासाठी?”

तो पुन्हा हौदाकडे वळला.

त्या हिवाळ्यात माझी मुलगी तीन दिवस तापाने फणफणली. कळलं तसा तो मिलमधून थेट आमच्या घरी आला. पाठीमागचा हात पुढे आला आणि तिच्या कपाळावर टेकला. तळवा लहान मुलासारखा मऊ होता. बराच वेळ त्याने डोळे उघडले नाहीत.

“उतरून राहिला,” तो म्हणाला.

मी हातातला थर्मामीटर न लावताच डबीत ठेवला.