दिवाळसणाला मागितलेली जॅझ

आमच्या अक्काच्या पहिल्या दिवाळसणाला दाजींनी सोन्याची अंगठी मागितली नाही. मागितली असती तर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती तिथल्या तिथं बोटात घातली असती, आणि जॅझ या प्रकाराशी माझा जन्मात संबंध आला नसता.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आमचं घर कराडजवळ, मलकापूरच्या अंगाला, उसाच्या रानात. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, लोणंदकडचे. पलटणीत हवालदार, इटलीत लढून आलेले, बोलायला मवाळ आणि अंगानं दार भरून टाकणारे. लग्न होऊन अक्का सासरी चांगली रुळली होती आणि दिवाळीला माहेरी आली होती. पाडव्याला दाजी येणार, दिवाळसण होणार आणि भाऊबीज झाली की तिला घेऊन जाणार, असा साधा सरळ बेत होता.

दिवाळसणाची आमच्याकडची रीत ठरलेली. जावयानं पाटावर बसायचं, ताट पुढं आलं की घास न उचलता रुसायचं. सासऱ्यानं विचारायचं, "काय पायजे?" जावयानं मागायचं, सासऱ्यानं "दिलं" म्हणायचं, की सगळे जेवायला मोकळे. काय मागायचं हे दोन्हीकडच्या बायकांनी आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळं कुणाला धक्का बसायचा प्रश्न येत नाही. आमच्यात अंगठी ठरली होती. ती घडवून आईच्या ट्रंकेत येऊनसुद्धा पडली होती!

दाजी पाटावर बसले. पुरणपोळीवर तूप पडलं. दाजी रुसले. आबा मिशीत हसत म्हणाले, "बोला जावईबापू, काय पायजे?"

"मामा, मला एक रेकॉर्ड पायजे."

"कसली?"

"जॅझची."

आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच हवेत राहिली. आबांनी सावकाश माझ्याकडं बघितलं. घरात मॅट्रिक झालेला मी एकटा, त्यामुळं साहेबाच्या मुलखात जे काही चालतं त्याचा जाब मलाच द्यावा लागे. मीही तोंडावर काही न दाखवता "हां, जॅझ" असं म्हणालो. (मला वाटलं होतं हा एक प्रकारचा बॅण्ड असावा, म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो.)

मग दाजींनी सगळं सांगितलं. इटलीत अमेरिकन पलटणीच्या कॅण्टीनमध्ये त्यांनी ट्रम्पेटचं एक गाणं ऐकलं आणि त्यांचा जीव त्यात अडकला. ती तबकडी त्यांनी मिळवली, ग्रामोफोनही घेतला. ग्रामोफोन धड घरी आला, पण तबकडीवर बोटीत कुणाची तरी ट्रंक पडली आणि तिचा भुगा झाला.

"नाव काय गाण्याचं?" मी विचारलं.

"वरचा कागद इंग्रजीत हुता. मला कुठलं वाचाय येतंय? जुनं गाणं हाय, कंपनीनं छापायचं बंद केलंतं. पर आता जुनी गाणी पुन्यांदा छापाय लागल्यात म्हनं. आमच्या पलटणीतला पुण्याचा गडी सांगत हुता."

"दिलं," आबा म्हणाले. इथं थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आबांना भर पंगतीत बोलण्याचा जोर चढायचा. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि कुणीही विचारलेलं नसताना जाहीर केलं, "आन् रेकॉर्ड हातात दिल्याबिगर लेक लावून देनार न्हाई. दोन्ही संगंच नेशीला."

दाजींचा घास तोंडाशी थांबला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात होती, ती पांढरीफटक पडली.

"मामा, तसं न्हवं," दाजी म्हणाले. "तिला न्हेतो की. रेकॉर्ड कवा बी द्या."

"शब्द म्हंजे शब्द," आबा म्हणाले, आणि पुरणपोळी मोडली. आबांनी दिलेला शब्द मागं घेतल्याचं आमच्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं.

नाव नाही, नंबर नाही, म्हणजे गाणं ओळखायचं कसं? उपाय एकच होता. दाजींनी मला गोठ्याच्या मागं नेलं आणि ती चाल तोंडानं म्हणून दाखवली. एवढा पहाडासारखा माणूस डोळे मिटून, गाल फुगवून "प्यां, पपपा प्यांऽ" करतोय, हे बघून आमची म्हैस दावं तोडायला निघाली. मी ती चाल पाठ केली. माझं पाठांतर शाळेत नावाजलेलं होतं, हे मी दाजींना दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच लोणंदला गेले आणि आबा मला घेऊन साताऱ्याला निघाले. स्वतःच्या मानाची वस्तू जावयानं स्वतः हुडकायची म्हणजे सासऱ्याच्या तोंडाला काळं, असं आबांचं म्हणणं, त्यामुळं दाजींना बरोबर घ्यायचा विषयच नव्हता. साताऱ्यात पहिल्याच दुकानदारानं विचारलं, "कोणतं गाणं?" मी घसा साफ केला आणि भर पेठेत, सायकली थांबेपर्यंत, "प्यां, पपपा प्यांऽ" केलं. दुकानदार थोडा वेळ माझ्याकडं आणि मग आबांकडं बघत राहिला.

"मुलाला कधीपासून होतंय हे?" त्यानं हळूच विचारलं.

पुढच्या दुकानात आबांना वाटलं की मी पुरेशा जोरात म्हणत नाही, म्हणून तेही म्हणू लागले. आबा भजनी मंडळात होते. त्यांचं "प्यां" टाळाच्या ठेक्यावर पडायचं आणि शेवटी नकळत हात जोडले जायचे. तिथून आम्हाला बाहेर काढलं.

असे आम्ही साताऱ्याला गेलो, कराडची दुकानं पालथी घातली, पुन्हा साताऱ्याला गेलो. मी मोट हाकताना चाल घोकायचो, सायकलवर घोकायचो. गावातल्या वरातीत बॅण्ड वाजला की कानात बोटं घालायचो, चाल बिघडू नये म्हणून. लोक मला बघून रस्ता बदलायला लागले होते, त्याचं मला काही वाटत नव्हतं. खरं दुखणं घरात होतं.

दिवाळी जाऊन संक्रांत जवळ आली तरी अक्का माहेरीच. दाजी मध्ये तिला न्यायला येऊन गेले. आबांनी पोहे खाऊ घातले आणि मोकळ्या हातानं परत पाठवलं. जाताना दाजींनी मागं वळून बघितलं आणि अक्का खांबाला धरून उभी राहिली. शेजारच्या सोनाकाकू रोज काही ना काही मागायला यायच्या आणि आईला विचारायच्या, "लेक हाय व्हय अजून? बरं हाय न्हवं समदं?" विहिरीवर तर बायकांनी निकाल लावूनच टाकला होता. हवालदारानं बायको टाकली! अक्का रडायची नाही. ती भांडी आपटायची. आमच्या घरातल्या एकाही घागरीला सरळ बूड उरलं नव्हतं.

"आबा, मला सासरला जायाचं हाय," ती एकदा म्हणालीच.

"जाशील की. गानं घावू दे," आबा म्हणाले, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांनाही उमगलं होतं, पण शब्द आडवा पडला होता. मला त्या वेळी आबांचा राग आला होता आणि दयाही आली होती.

शेवटी आम्ही रेल्वेनं मिरज आणि तिथून टांग्यानं सांगली गाठली. गणपती पेठेत एक दुकानदार शिवणयंत्रं, घड्याळं आणि रेकॉर्डी एकत्र विकायचा. मी गायलो. त्यानं मला मध्येच थांबवलं नाही, हीच मोठी गोष्ट होती.

"ट्रम्पेट दिसतंय," तो म्हणाला. "जॅझच्या जुन्या गाण्यांची पेटी आलीय खरी. कंपनीनं पुन्हा छापलेली."

"जावयाला जुनं कसं द्यायचं?" आबा चमकले.

"गाणं जुनं, तबकडी नवी."

"मग नवं गानं जुन्या तबकडीवर नगं."

"नाही हो. जुनं गाणं, नव्या तबकडीवर."

हे आबांच्या गळी उतरेपर्यंत दुकानदाराचा चहा गार झाला. मग त्यानं एक तबकडी लावली. नाही. दुसरी लावली. नाही. तिसरी लावली आणि कर्ण्यातून "प्यांऽ" असा आवाज आला. आबा स्टुलावरून उठलेच. "हीच!" पुढं ते ट्रम्पेट भलतीकडंच धावत सुटलं, असं मला क्षणभर वाटलं. पण आबा माझ्याकडं आशेनं बघत होते, आणि जाणकार म्हणून माझा काही दबदबा तयार झाला होता. मी मान डोलावली. "हीच," मीही म्हणालो.

"उन्हात ठेवू नका, वाकडी होते," दुकानदारानं बजावलं. "एकदम सपाट जागी ठेवा, वर थोडं वजन."

हे मी घरी येऊन आईला शब्दाला शब्द सांगितलं. दाजींना सांगावा गेला. अक्कानं त्या दिवशी एकही भांडं आपटलं नाही. तिनं ट्रंक भरली, केस धुतले आणि सोनाकाकूंना ती स्वतः जाऊन सांगून आली.

दाजी आले. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि जावयाच्या पाटावर नेलं. पाटावर घोंगड्याची जाड घडी होती. मानाच्या माणसाला मऊ बसायला घातलंय, आई किती करते, असं माझ्या मनात आलं.

"बसा दाजी, ऐसपैस बसा," मी म्हणालो.

दाजी बसले. खालून "कट्ट" असा आवाज आला.

"पाट म्हातारा झाला," आबा म्हणाले.

आई मात्र हातात पोळी घेऊन जागच्या जागी थिजली होती. घरातली सगळ्यात सपाट वस्तू तो सागवानी पाट, आणि वजन म्हणून घोंगडं, असा तिनं माझा निरोप तंतोतंत पाळला होता. पण ताटावर बसलेल्या जावयाला ऊठ कसं म्हणायचं? आमच्यात तेवढा मोठा अपशकुन दुसरा नाही. तिनं पोळी वाढली. दाजी जेवत होते. प्रत्येक घासाला ते जरा हलायचे, खालून बारीक "करर्" असं व्हायचं, आणि आई घाबरून आणखी एक पोळी वाढायची. जितक्या पोळ्या तितकं वजन, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दाजींनी हात धुतला. आबा कडक आवाजात म्हणाले, "आता आन रं ती रेकॉर्ड."

"ती त्येंच्या खाली हाय," आई म्हणाली.

दाजी इतक्या हळू उठले की जणू खाली सुरुंग होता. घोंगडं काढलं. तबकडीचे सात-आठ तुकडे झाले होते, मधला कागद तेवढा शाबूत होता. आबा भिंतीला टेकले. तिथूनच ते म्हणाले,

"दुसरी आनू. तवर अक्का..."

"तवर काय बी न्हाई!" अक्का ट्रंक घेऊन मधोमध उभी राहिली. "आबा, लोकं मला टाकलेली म्हनत्यात. तुमचा शब्द ऱ्हायला, माझं काय? मी निगाली."

बाप-लेकीत आता जुंपणार असं दिसलं. काहीतरी करायला हवं होतं. "थांबा," मी म्हणालो. "दाजी, तबकडी मोडली, पण गाणं माझ्याजवळ आहे. ते घ्या आणि शब्द पुरा झाला म्हणा." आणि मी डोळे मिटून, गाल फुगवून, आलापापासून शेवटापर्यंत सगळं म्हटलं. माझ्या मते त्या दिवसाइतकं चांगलं मी कधीच म्हटलं नव्हतं.

डोळे उघडले तर दाजी आ वासून बघत होते.

"पाव्हनं, हे काय?"

"तुमचं गाणं."

"ह्ये माझं न्हाई."

आबा मटकन खाली बसले. "न्हाई? मग कसं हाय तुमचं?"

दाजींनी गाल फुगवले. थांबले. परत फुगवले. त्यांच्या कपाळावर घाम आला. "आवं, ह्येंनी म्हटल्यापासनं मला माझं बी आठवंना," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"ऐकलं न्हवं, आबा?" अक्का म्हणाली. "आता मागायचं काय ह्ये मागनाऱ्यालाच ठाव न्हाई. शब्द कशाचा पाळताय?"

आबांनी एकदा दाजींकडं बघितलं, मग उठून तिच्या हातातली ट्रंक स्वतः उचलली आणि बैलगाडीत नेऊन ठेवली. दिवाळीपासून स्वतःच्या ट्रंकेत पडून असलेली अंगठी आणून आईनं दाजींच्या बोटात घातली. अक्का गाडीत बसली तेव्हा आबांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि सोनाकाकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बैलांना हाकारलं.

इतके दिवस सातारा-सांगलीच्या दुकानादुकानांतून जे मी गात फिरलो, ते जगात कुठल्याच कंपनीनं कधीच काढलेलं नव्हतं. ती जॅझ सरळसरळ माझी स्वतःचीच निघाली. ती पुन्हा छापा, असं मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.