कारल्याचा नवस

अत्यंत गांभीर्यानं आणि पूर्ण शुद्धीत जाहीर करते की, आमच्या घराण्यात देवापुढे हात जोडून कारलं सोडणारी मी पहिली आणि शेवटची व्यक्ती आहे. याबद्दल माझा सत्कार व्हावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. (कुणी केला असता तर नाही म्हटलं नसतं, एवढंच.)

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आम्ही हुबळीत कमरीपेठेत राहायचो आणि अप्पांचं दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. घरात अप्पा, आई, थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मी. माझ्याहून मोठी अक्का लग्न होऊन कॅनडाला गेली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नाही. औषधं झाली, डॉक्टर झाले, शेवटी अक्का आणि दाजींनी ठरवलं की मूल दत्तक घ्यायचं, आणि तेही आपल्याकडचंच. धारवाडच्या एका बालकाश्रमात सहा महिन्यांची एक मुलगी होती. तिथं तिला गौरी म्हणत. आई तिला बघायला गेली, गौरीनं आईच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली आणि आईच्या बाजूनं विषय तिथंच संपला.

कागदांच्या बाजूनं तो सुरूही झाला नव्हता! कॅनडाहून एक जाडजूड पाकीट यायचं. आम्ही ते भरून पाठवलं की तिकडून त्याहून जाड पाकीट यायचं. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, चांगल्या वर्तणुकीचे दाखले आणि हे सगळे दाखले खरे असल्याचे दाखले. मला इंग्रजी येतं म्हणून (म्हणजे मीच तसं सांगत असल्यामुळे) हे काम माझ्याकडे. एका फॉर्मात विचारलं होतं, कुटुंबाचे छंद कोणते? मी अप्पांना विचारलं.

"छंद म्हणजे काय?"

"दुकान बंद केल्यावर तुम्ही काय करता?"

"झोपतो. उद्या दुकान उघडायचं असतं की!"

मी 'बागकाम' लिहिलं. (अंगणात एक तुळस होती.)

मग कागद कुठंतरी अडकले. कुठं, ते कुणालाच सांगता येईना. धारवाडचं कोर्ट म्हणे दिल्लीत विचारा, दिल्ली म्हणे कॅनडात विचारा. शेवटी आईनं निकाल दिला, "हे माणसांच्या हातचं काम नव्हे. देवाला मध्ये घातल्याशिवाय कागद हलायचा नाही." आणि एका संध्याकाळी आम्ही सगळे दत्ताच्या तसबिरीपुढे रांगेनं उभे राहिलो.

आई म्हणाली, "गौरी या घरात येईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही."

अप्पा म्हणाले, "मी दाढी करणार नाही." (अप्पांची दाढी म्हणजे रोजचा सोहळा. आरसा खिडकीत, तांब्या डावीकडे आणि तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही!)

अण्णा म्हणाला, "दर गुरुवारी मौन." हे ऐकून आईचे डोळे भरून आले, कारण अण्णा दुकानात उभा राहिला की टॉवेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन लुगडी घेऊन जायचं. त्याचं मौन म्हणजे दुकानाचाच उपास.

वहिनी म्हणाली, "मी गादीवर झोपणार नाही." हे ऐकून अण्णाचा चेहरा पडला. शिवाय दर गुरुवारी सगळ्यांनी उपास धरायचा ठरला. मला पित्त होतं म्हणून मला माफी. अक्कानं पत्रातून कळवलं होतं की तिनं आइस्क्रीम सोडलं. (कॅनडात. डिसेंबरात. पण असो, बोलणारी मी कोण?)

आता माझी पाळी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मनात पहिल्यांदा धारवाडचा पेढा आला. जीभ उचलेना. मग मिरची भजी आली, तिला मीच परत पाठवलं. चहा आला, गेला. मी डोळे मिटले, ऊर भरून श्वास घेतला आणि नाटकातल्या नायिकेसारखी ओरडले, "मी कारलं सोडते!"

वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"शके, जन्मात कधी कारलं खाल्लंयस काय तू?" अण्णा म्हणाला.

"म्हणूनच! आता खायची आशासुद्धा सोडली."

आईनं डोळे उघडले नाहीत. "देवासमोर बोललीस, आता तेच. आणि सगळ्यांनी ऐका. नवस बाहेर कुणाला सांगायचा नाही. बोलून दाखवला की फळत नाही."

हिवाळा सरला, ऊन तापायला लागलं. अप्पांची दाढी छातीपर्यंत आली. दुकानात येणारे लोक आधी हळूच विचारायचे, "कोण गेलं?" मी मात्र एकही कारलं न खाता मजेत होते. एकदाच मजा वाटली नाही. मार्चमध्ये आईबरोबर धारवाडच्या कोर्टात गेले होते. बसमधून उतरल्यावर डांबरी रस्ता तव्यासारखा तापलेला. आई एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत अक्षरशः धावत होती आणि मी पायात चपला घालून तिच्या डोक्यावर छत्री धरत होते. डोक्यावर! जळत होते पाय! तिनं एकदाही हूं केलं नाही. त्या दिवशी परतताना मी पेढे घेतले नाहीत. (एकच घेतला.)

आणि मग कोर्टाचं पत्र आलं. कॅनडाचा व्हिसा मिळेपर्यंत गौरी आमच्या घरी राहणार होती, त्यामुळे घर कसं आहे, माणसं कशी आहेत, हे बघायला बेंगळूरहून एक बाई येणार होत्या. त्यांनी चांगलं लिहिलं तर गौरी येणार. वाईट लिहिलं तर गौरी आश्रमातच राहणार आणि अक्काच्या नशिबी पुन्हा पहिल्या पाकिटापासून सुरुवात. बाई शुक्रवारी येणार होत्या. आमची तयारी जंगी होती. शुक्रवारी अण्णा बोलणार, वहिनी पुरणाच्या पोळ्या करणार, खाटांवर गाद्या अंथरणार आणि अप्पा फेटा बांधून दाढीला जरा भारदस्तपणा आणणार.

बाई गुरुवारी आल्या! भर दुपारी!

मूळच्या मंगळूरकडच्या लोबोबाई. पांढरी साडी, काळी छत्री, हातात वही. ओट्यावर दाढीवाले, उपाशी अप्पा डोळे मिटून बसलेले. बाईंनी त्यांच्याकडे दयेनं बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "या घरचे मालक कुठं आहेत?"

"मीच," अप्पा म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तिथून जे सुरू झालं ते माझ्यामुळे. नवस बोलून दाखवायचा नाही, म्हणून सगळे गप्प. मी बी.ए.! मी पुढे सरसावले.

"आमच्या वडलांना त्वचेचा विकार आहे, म्हणून दाढी."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "बाळाला लागेल असा?"

"छे छे! फक्त दाढीपुरताच!"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचे दोन शब्द मी गिळले. तेवढ्यात अण्णा आला. दोन्ही हातांनी नमस्कार, मग 'बसा', मग 'पंखा लावू का', सगळं हातवाऱ्यांनी. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"हे बोलत नाहीत?"

"घशाचं ऑपरेशन!" मी म्हटलं.

बाईंनी लिहिलं. मग आईचे भेगा पडलेले अनवाणी पाय बघितले. मी म्हटलं, डॉक्टरांनी मातीचा उपचार सांगितलाय. आतल्या खोलीत उघडी लोखंडी खाट आणि खाली चटई बघितली. मी म्हटलं, वहिनीची कंबर. पाच मिनिटांत मी आमच्या धडधाकट घराचा दवाखाना करून टाकला! कन्नड घरात सगळ्यांनाच येत असल्यामुळे प्रत्येकाला आपापला रोग तिथल्या तिथं कळत होता.

आईनं चहा पुढे केला.

"बेड, बेड," बाई म्हणाल्या. नको.

आईचा चेहरा उतरला. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्यांनी चहाला हात लावला नाही, तर मुलीच्या बापानं पुढं काही विचारायचंच नसतं. आई दाराला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत मला गौरी लांब लांब जाताना दिसली.

"ऊट आयता?" जेवणं झाली का, असं बाईंनी विचारलं. दुपारचा एक वाजलेला. चूल थंड. बाईंनी वही मिटली. "या घरात दोन वेळ नीट जेवणारं, निरोगी असं एक तरी माणूस आहे का?"

"मी!" मी छातीवर हात मारून म्हटलं.

"मग जेव. मी बसते."

माझी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी अकरालाच संपवली होती. (उभ्या उभ्या.) बाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या. एक भाकरी शिल्लक होती आणि एक झाकलेली कढई. संध्याकाळी अप्पांना उपास सोडायला वहिनीनं त्यांची आवडती भाजी करून ठेवली होती. बाईंनी झाकण उचललं.

"अरे वा, कारलं!"

दारात आई मानेनं नाही नाही म्हणत होती. तिच्यामागून वहिनी हो हो म्हणत होती. खाल्लं तर नवस मोडणार आणि गौरी येणार नाही. नाही खाल्लं तर बाई लिहिणार आणि गौरी येणार नाही. मी सगळ्यात स्वस्त वस्तू देवाला दिली होती, आणि देवानं ती माझ्यासाठी जपून ठेवली होती! मी मनात म्हटलं, देवा, बदलून घे रे. कारलं परत दे, पेढा घे. पण देवाच्या दुकानातही अप्पांच्या दुकानासारखीच पाटी असावी: एकदा घेतलेला माल बदलून मिळणार नाही.

मी घास घेतला. पहिला कडू लागला. दुसरा त्याहून कडू लागला. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, पण मी बाईंकडे बघून हसत होते. तो चेहरा कसा दिसला असेल, देव जाणे! कारण एवढे महिने एकाही गुरुवारी न बोललेला अण्णा माझ्याकडे बघून अशा आवाजात ओरडला, की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला हातगाडीवाला वळून बघायला लागला.

"आई गं! शकूनं कारलं खाल्लं!"

घशाचं ऑपरेशन झालेला माणूस! बाईंचं पेन हवेतच राहिलं. आणि आई मटकन खाली बसून रडायला लागली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. चपला, दाढी, मौन, गादी, सगळं. "आता बोलूनच गेलं," ती म्हणाली, "आता काय राहिलं?"

बाई बराच वेळ आईच्या पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी चहा घेतला नाही, कारण आमचे उपासाचे दिवस चाललेत, ईस्टरपर्यंत मी चहा सोडलाय. दरवर्षी सोडते." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय सोडलं होतंस?"

मी ताटाकडे बोट दाखवलं.

"फार आवडतं तुला?"

माझा थापांचा साठा संपला होता. मी मान हलवली. नाही. लोबोबाई पहिल्यांदाच हसल्या, आणि ताटातली उरलेली कारली मला तोंड लपवायला फार अपुरी वाटली. त्यांनी वही उघडून सगळे रोग एकेक करून खोडले. "एवढी माणसं एका दुपारी बरी झालेली मी कधी बघितली नव्हती," म्हणाल्या.

पण बाई गेल्या आणि कागद पुन्हा गप्प. एप्रिल गेला, मे गेला. पोस्टमन रिकाम्या हातानं पुढं गेला की घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. कुणी बोलायचं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आई अजून अनवाणीच होती. मग मी कुणाला न सांगता पेढा सोडला. खरोखरीचा. (सांगितलं की फळत नाही.)

श्रावणात कोर्टाचा हुकूम आला. अक्का आणि दाजी आले आणि गौरी घरी आली. ओट्यावर न्हावी बसला, अप्पांची दाढी उतरली. खालचा चेहरा गोरा आणि वरचा सावळा, असे ते दोन माणसांचे मिळून केल्यासारखे दिसायला लागले. त्यांनी स्वतः आणलेल्या नव्या चपला आईपुढे ठेवल्या आणि उगीचच छताकडे बघत बसले. एकेकाचा नवस कळेल तशी अक्का रडत होती, पाया पडत होती. शेवटी भरल्या घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ती माझ्याकडे वळली.

"शके, तू गं? माझ्या पोरीसाठी तू काय सोडलंस?"

आता मात्र मला सांगता आलं असतं. ताठ मानेनं सांगता आलं असतं! पण तोंडात पेढा होता. तिसरा. मी नुसतीच हात हलवत राहिले, आणि तेवढ्यात अप्पा म्हणाले,

"हिला काय विचारतेस! आम्ही सगळ्यांनी सोडलं तेव्हा काही झालं नाही. हिनं खाल्लं, तेव्हा कुठं पोर घरी आली!"