घंटेवरचा कोष

कळंब तालुक्यातल्या एका लहान गावात मी चौथीला शिकवत होते. त्या वर्षी शाळेत परसबाग करायचं ठरलं. वांगी, मेथी, टोमॅटो लावायचे, मुलांच्या खिचडीत घालायचे आणि फोटो वर पाठवायचे, इतकं सोपं काम. पण मला नसती हुशारी सुचली. मी मुलांना सांगितलं, "बाग एकट्या माणसाची नसते. अळ्या, मुंग्या, सरडे, पाखरं, सगळ्यांचा तिच्यात वाटा असतो. काही फवारायचं नाही, कुणाला मारायचं नाही."

मुलांनी हे भलतंच मनावर घेतलं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, उवांचं बी तसंच का?"

मी घाईघाईनं गणिताचं पुस्तक उघडलं.

पहिलं भांडण कढीपत्त्यावरून झालं. बागेच्या कडेला कढीपत्त्याचं झाड होतं आणि त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आल्या होत्या. खिचडी करणाऱ्या मावशी फोडणीसाठी पानं तोडायला गेल्या, तर माझा अख्खा वर्ग झाडाभोवती हात धरून उभा.

"मावशी, त्येंचं जेवण हाय ते!"

"आन् तुमचं कुणी करायचं मग?" म्हणत मावशींनी डहाळी ओढली. तिच्यावरच्या हिरव्या अळीला बोट लागलं. अळीनं डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढली आणि असा काही वास सोडला की मावशी डहाळी टाकून थेट व्हरांड्यात. "बया बया! शिंगाची अळी! बाई, तुम्ही शाळेत काय पाळलंय?"

त्यानंतर मावशी कढीपत्ता घरून आणू लागल्या. मी मुलांना म्हटलं, बघा, अळीला स्वतःचं रक्षण करता येतं. त्यावर एका पोरानं फार गंभीरपणे विचारलं, "मग आपुन कशाला थांबलो हुतो उन्हात?"

खरी गंमत सोमवारी झाली. आमची घंटा म्हणजे कडुलिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. ती हेडसर स्वतः वाजवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या सकाळी त्यांनी हातोडी उगारली आणि माझा वर्ग एका सुरात ओरडला, "सर, थांबा!"

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर एक अळी कढीपत्त्यावरून उतरली असावी. उतरून कुठं जावं? तर कडुलिंबावर चढून, तारेवरून खाली येऊन, रुळाच्या खाचेत तिनं कोष केला होता. वाळक्या पानासारखा, मागं बारीक धाग्यानं बांधलेला.

हेडसर हातोडी तशीच धरून माझ्याकडं वळले. "बाई, हे तुमचंच काम दिसतंय."

"सर, मी नाही हो चढवली."

"दुसरीकडं हलवा तिला."

"धागा तुटला तर मरंल, सर," माझ्या वर्गानं परस्पर निकाल दिला. पहिलीतलं एक पोर तर रडायलाच लागलं. हेडसरांनी हातोडी खाली ठेवली. "बरं. दोन-चार दिवस थाळी वाजवा."

थाळी वाजवायचं काम मावशींकडं आलं, कारण थाळी त्यांचीच. त्यांनी पळीनं पहिला ठोका दिला आणि चारही वर्ग ताटं घेऊन पळत आले. ती प्रार्थनेची थाळी होती. पुढच्या तासालाही तेच. "आरं, खिचडी न्हाय, गणित हाय!" मावशी ओरडायच्या आणि पोरं हिरमुसून परत जायची. गणिताबद्दल इतकं उघड दुःख मी आजवर बघितलं नव्हतं.

गावाचंही बिनसलं. दहाचा टोल ऐकून एसटीला निघणारे एक आजोबा गाडी चुकल्यावर तणतणत शाळेत आले. "गुरुजी, शाळा बंद पडली काय?"

"न्हाय आजोबा," हेडसर हळू आवाजात म्हणाले, "अळी झोपलीय."

आजोबांनी आधी हेडसरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आले तसे घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र कोष बघायला नातवाला घेऊन आले.

दोन-चार दिवस कधीच उलटून गेले. हेडसर आता येता-जाता कोषापाशी थांबत. कावळा बसू नये म्हणून त्यांनी झाडाखाली खुर्ची टाकली आणि तिथंच हजेऱ्या तपासू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "आत लई गरम होतंय." तेव्हा थंडी पडायला लागली होती.

एका सकाळी प्रार्थना चालू असताना हेडसरच ओरडले, "फुटला! फुटला!" प्रार्थना अर्ध्यावर राहिली. ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू रुळाला लटकलं होतं. सगळी शाळा झाडाभोवती जमली. मावशीही हातात पळी घेऊन आल्या. पंख हळूहळू ताठ झाले, काळ्यावर पिवळे ठिपके दिसू लागले आणि ते उडालं. कुंपणावरून थेट शेजारच्या तुरीत.

त्याच्यामागं पोरं, पोरांमागं हेडसर, हेडसरांना थांबवायला मी. तूर डोक्याएवढी वाढलेली, फुलावर आलेली. क्षणात शाळा दिसेनाशी झाली. नुसती तूर हलत होती.

बांधावर बसलेल्या तुरीच्या मालकाला वाटलं, रानडुकरं शिरली. तो पत्र्याचा डबा बडवत, काठी घेऊन धावत आला. तेवढ्यात समोरून तूर बाजूला सारत हेडसर बाहेर आले, डोक्यावर पिवळी फुलं, एका पायात चप्पल.

"गुरुजी! तुम्ही?"

"इकडून फुलपाखरू गेलेलं बघितलं का?" हेडसरांनी धापा टाकत विचारलं.

त्यानं काठी खाली केली, जरा विचार केला. "आत्ताच कळंबच्या गाडीत बसलं की."

पोरं हसून हसून तुरीतच लोळली. मग मालक भानावर आला आणि ओरडला, "बाई, आधी ही पोरं भायेर काढा माझ्या रानातनं!"

दुपारपर्यंत आम्ही तुरीतून पोरं वेचत होतो. शेवटी त्यात अंगणवाडीतलं एक लेकरूही निघालं. त्याला विचारलं, तू कशाला आलास रे? तर म्हणालं, "समदे पळाले म्हनून."