आमी आणि आपुन

मारुंजीतले आमचे घरमालक आशिया कपच्या फायनलला टीव्ही ओट्यावर आणून आम्हा भाडेकरूंसाठी सतरंजी अंथरायचे. आधी एकदा आणि चार वर्षांनी पुन्हा, श्रीलंकेनंच कप नेला. दोन्ही वेळा टीव्ही बंद करत ते म्हणाले, "आमी हारलो. तुमी जेवून घ्या."

जणू संघ त्यांच्या भावकीतला आणि आम्ही लातूर-अकोल्याकडचे उपरे! त्या 'आमी'चा मला भारी राग यायचा.

दोन हजार दहाला कप भारतानं जिंकला. मालक माझ्या तोंडात साखर कोंबत ओरडले, "आपुन जिंकलो!"

मी टोचून विचारलं, "आणि हरलात ते तुम्ही एकटेच?"

ते हसले. "परगावची पोरं तुमी. हारल्यालं तुमच्या ताटात वाडू व्हय?"