मणक्यातलं पाणी

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर विषाणू शोधण्यात माझी अर्धी नोकरी गेली. माहेरी त्याला 'मोठी दुर्बीण' म्हणतात. दुर्बीण कसली, छताला टेकणारं धूड आहे ते. स्वारगेटला ट्रक वळला तरी आमचं चित्र थरथरतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो.

त्या आठवड्यात चेष्टा सुचत नव्हती. धायरीचा माझा थोरला भाऊ मेंदूज्वरानं बेशुद्ध होता. नेहमीच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या होत्या. "कुठला विषाणू ते कळलं, तर नेमकं औषध देता येईल. तोवर अंदाजानंच चाललंय," डॉक्टर म्हणाले. म्हणून त्याच्या मणक्यातलं पाणी आमच्याकडे आलं.

टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर त्याचा थेंब ठेवला, वर जड धातूचं द्रावण सोडलं. त्यानं भोवतालचं काळवंडतं आणि विषाणू असलाच तर पांढरा उठून दिसतो. विषाणू भरमसाट असतील तरच एखादा नजरेला पडतो, हे मी नव्या लोकांना दरवर्षी शिकवते. तरी जाळीचं एकेक घर पाहत गेले. आणि दिसला! गोल, कडेनं दाते असलेला. भावाच्या डोक्यात विषाणू सापडला म्हणून मला चक्क आनंद झाला.

आमच्याकडे एकट्यानं पाहिलेलं धरत नाहीत. दुसऱ्यानं मान्य करावं लागतं. माझा सहकारी बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. एरवी तिरकस बोलणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला. "मॅडम, पेशींचा कचरा आहे हा. आपणच ओळखायला शिकवलंत."

मी भांडले. पुन्हा जाळी लावली, पुन्हा पाहिलं. शेवटी पाणी संपलं. 'विषाणू आढळला नाही' असं मीच लिहून दिलं. म्हणजे तो नाही असं नव्हे. आम्हाला दिसला नाही, एवढंच.

दवाखान्यात पोचले तर वहिनी पेढे वाटत होती. अहवाल तिला माझ्याआधी कळला होता. "वन्सं, काय बी न्हाई निघालं! मी म्हनलंच हुतं." तिच्यामागे उभ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून 'आता आशा नाही' अशी मान हलवली. मला तिचा राग आला, मग माझाच आला, मग रागावण्याचं बळही उरलं नाही.

"तुमीच सांगा त्यास्नी," ती म्हणाली. "तुमचं ऐकत्यात."

मी त्याच्या कानाशी वाकले. "दादा, काही निघालं नाही रे. आता घरी जायचं."

वहिनी त्याच्या मिटलेल्या ओठांना पेढा लावत होती.