मांडीचे माप

ती घटना अजून मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर पाठलाग करताना विहिरीतही पडलो. पण त्यातले काही आठवले म्हणजे अंगावर काटा येतो असे होत नाही. या प्रकरणात मात्र होते, आणि तेही भीतीने नव्हे. यात कोणी मेले नाही आणि कोणी तुरुंगात गेले नाही. हरवले होते ते एक सरकारी पिस्तूल, आणि त्यापायी माझ्याच ठाण्यातल्या एका शिपायाची नोकरी जायची वेळ आली होती. नावे कोणाचीच सांगत नाही. सगळे आपापल्या घरी सुखात आहेत, तसेच राहू देत.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात माझी नेमणूक होती. हा शिपाई कोऱ्हाळ्याच्या बाजूचा. बौद्ध कुटुंबातला, वडील निवृत्त शिक्षक, घरचा थोडा ऊस. अंगाने दणकट, स्वभावाने मऊ. परिसरातल्या एका गृहस्थांना धमक्या आल्यामुळे संरक्षण दिले होते आणि त्यांच्याबरोबर याची ड्यूटी होती. साध्या कपड्यात राहायचे, शर्ट बाहेर, आणि शर्टाखाली उजव्या कमरेला पिस्तूल.

लग्नसराईच्या शेवटच्या मुहूर्तावर पणदऱ्यात एक लग्न होते. ते गृहस्थ तिथे गेले, साहजिकच हाही गेला. परतताना गाडी बारामतीजवळ आली तेव्हा याचा हात सवयीने कमरेवर गेला. कव्हर जागच्या जागी होते, आत पिस्तूल नव्हते. आमच्या खात्यात होल्स्टरला कव्हर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

"साहेब, मांडवाच्या दारात लई रेटारेटी झाली. तितंच कुणीतरी काढलं," हे त्याचे पहिल्या दिवसापासूनचे म्हणणे. आम्ही पणदऱ्याला धावलो. मांडव तोवर उतरला होता. उकरलेले खड्डे आणि पत्रावळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. गर्दीत हात मारणाऱ्या चार-पाच जणांना उचलून आणले. त्यांतला सर्वांत जुना चोर तर माझ्यावर चिडलाच. "सायेब, पाकीट येगळं. पिस्तुलाला कोन हात लावतंय? आमाला काय मरायचं हाय व्हय?" त्याचे म्हणणे मला पटले, आणि इथूनच आमच्या शिपायाचे ग्रह फिरले.

कारण तिसऱ्या दिवशी एका खबऱ्याने बातमी आणली. या शिपायाच्या मेव्हण्याचा बांधावरून भावकीशी वाद चालला होता आणि "आता बघतोच एकेकाला" असे तो चारचौघांत बोलला होता. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप दिसू लागते, हा आमच्या धंद्यातला मोठा रोग. पिस्तूल याने मेव्हण्याला दिले आणि चोरीचा बनाव केला, असे मी मनाशी ठरवून टाकले. तो निलंबित झाला. खात्यातून काढण्याची कारवाई होणार, वर गुन्हाही दाखल होणार, हे दिसतच होते. बाहेर कुठेतरी भरलेले पिस्तूल फिरते आहे या विचाराने मला जेवण गोड लागत नव्हते. तो राग मी त्याच्यावर काढला.

तीन दिवस त्याला समोर बसवले. सकाळी बोलवायचे आणि तोच दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचे. खोटे बोलणारा माणूस दर वेळी थोडे बदलून सांगतो. हा दर वेळी शब्दाला शब्द तेच सांगे. पण एका जागी अडखळायचा. मांडवात शिरलो, साहेबांच्या मागे उभा राहिलो, अक्षता झाल्या, आणि मग... मग एकदम "निघालो". मधला अर्धा तास जबाबात नव्हता. मी त्या जागेवर बोट ठेवले की तो मान खाली घालायचा. मला वाटले, चोर इथेच आहे. एकदा मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझ्या बापाने पोरं घडवली, पण घरचंच बिघडलं." हे वाक्य लिहितानाही आज लाज वाटते.

मग मला कव्हर आठवले. ते सरकारी नव्हते. त्याने स्वतः ऑर्डर देऊन बनवून घेतले होते, शेळगावच्या बाजूला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून. मला शंका आली की याने ते मुद्दाम ढिले शिवून घेतले असावे, म्हणजे 'पडले' म्हणायला बरे. कारागिराला दम दिला की बोलेल, अशा हिशेबाने मी जीप काढली.

सगळे त्यांना चाचा म्हणत. पत्र्याची एक खोली, दाराशी लिंब, आत ते एकटे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांची खोगिरे शिवली जात. घोडी गेली, तसे चाचा पिस्तुलाच्या कव्हरांकडे वळले. मशीन नाही. हातात कातडे टोचायची आरी, एका दोऱ्याला दोन सुया, दोन्ही बाजूंनी टाका. सातारा-सोलापूरकडचे शिपाई, बँकांचे रखवालदार, परवानावाले बागायतदार त्यांच्याकडे येत. एका वेळी एकच काम. ते दाराबाहेर गेल्याशिवाय दुसरे हातात घ्यायचे नाही. आणि ऑर्डर घेण्याची पद्धत तर अशी की गिऱ्हाईक वैतागावे. आधी ओळखपत्र किंवा परवाना दाखवा. मग हत्यार रिकामे करा. मग चालून दाखवा, पळून दाखवा, मोटारसायकलवर बसा, जीपमध्ये चढा, उतरा. कोणत्या हाताने जेवता, पोट सुटलेले आहे की सुटायचे आहे, हेही विचारणार. त्यानंतर कातडे भिजवून हत्यारावर चढवायचे आणि हाडाच्या पट्टीने दाबत दाबत त्याला त्या हत्याराचा आकार द्यायचा. वाळले की ते कव्हर दुसऱ्या हत्याराला होतच नाही.

मी आमचे कव्हर त्यांच्यापुढे टाकले आणि आवाज चढवून म्हणालो, "हे ढिलं शिवायला कोणी सांगितलं?"

चाचांनी चष्मा लावला. टाक्यांवरून नख फिरवले. बटण लावले, काढले, लावले. मग उठून ते कव्हर स्वतःच्या कमरेला बांधले, त्यात पिस्तुलाच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा सरकवला आणि खोलीत फेऱ्या मारू लागले. स्टुलावर बसले. उठले. एकदा वाकून जमिनीवरची सुई उचलली. ठोकळा हलला नाही. मी घड्याळ बघत होतो. मग ते खाली बसले, मांडी घालून, आणि ताटातला घास घ्यावा तसे पुढे झुकले. टिच असा बारीक आवाज झाला. ठोकळा त्यांच्या पाठीमागे गोणपाटावर जाऊन पडला.

त्यांनी वळून ठोकळा उचलला. मग म्हणाले, "सायेब, त्या दिशी ह्यो जेवाय बसला व्हता का?"

"नाही. जबाबात तसं काही नाही."

"जबाबात नसंल. कातड्यात हाय."

त्यांनी कव्हर उजेडात धरले. खालच्या टोकाचा दोरा एकाच बाजूने पिंजला होता आणि वरच्या तोंडाशी एक कोवळी घडी होती. केसभर. मी ते कव्हर दहा वेळा पाहिले होते, पंचनाम्यात त्याचे वर्णनही मीच लिहिले होते. मला काही दिसले नव्हते.

"त्या पोरानं फोनवर फोटू आनला व्हता, परदेशातला," चाचा सांगू लागले. "म्हनला, असलंच पायजे, लांबडं. मी शिवलं. पर त्या फोटूतला मानूस जेवतो खुर्चीवं. आपला मानूस बसतो भुईवं. टोक भुईला टेकलं की पिस्तूल वर येतं. पोट फुडं आलं की बटन सुटतं. मी समद्या गोष्टी करून बघितल्या, सायेब. ह्येवढी एक न्हाय बघितली."

मी थक्क होऊन बघत राहिलो. आम्ही अख्खे ठाणे कामाला लावून जे शोधू शकलो नाही, ते या माणसाने जमिनीवर बसून दाखवले.

परत येऊन मी शिपायाला एकच प्रश्न विचारला. "लग्नात जेवलास?"

त्याचा चेहरा पडला. "साहेब... दोन घास."

मग सगळे बाहेर आले. यजमानांचा हट्ट होता की बुफे नको, पंगतच. त्यांनी याचा हात धरून शेवटच्या ओळीत बसवले. संरक्षणाची ड्यूटी सोडून जेवायला बसणे म्हणजे कसूर. भात वाढला एवढ्यात ते गृहस्थ उठले, हा हात तसाच पुसत त्यांच्या मागे धावला. पिस्तूल दारातल्या गर्दीत गेले असे त्याला मनापासून वाटत होते, म्हणून जेवणाचा विषय त्याने काढलाच नाही. नोकरी जाईल म्हणून लपवले, आणि लपवल्यानेच ती जायला निघाली होती.

"तुझ्या मागे काय होतं?"

"कनात, साहेब. आन सतरंजीची दुमडलेली कड."

मांडववाल्याचे गोदाम बारामतीत होते. दोन पंच घेतले, शिपायाला आणि चाचांनाही जीपमध्ये घेतले. मांडववाला म्हणाला, "शेवटचा मुहूर्त होता, त्यानंतर एक सतरंजी उघडली नाही." भिंतीला गुंडाळ्यांची थप्पी लागली होती. एकेक गुंडाळी अंगणात आणून सावकाश उलगडायला सांगितली, कारण आत असलेच तर ते भरलेले होते. भाताची वाळलेली शिते निघाली, लहान मुलाचा एक बूट निघाला, कोणाच्या तरी कानातले निघाले. मजूर हसू लागले. शिपाई दाराशी उभा होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझाही धीर सुटत चालला होता.

एका गुंडाळीचे दुसरे वेटोळे सुटले आणि दुमडीत ते दिसले. काळे, धुळकट, सगळ्या गोळ्यांसकट. माणसांनी ते पायाने दाबून गुंडाळले होते, टेम्पोत फेकले होते, थप्पीवर आपटले होते, आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. शिपाई मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

पण प्रकरण संपले नाही. माझे वरिष्ठ हुशार होते. ते म्हणाले, "हत्यार सापडलं, छान. पण चौकशी अंगाशी आली म्हणून यानेच ते तिथे ठेवलं नसेल कशावरून?" प्रश्न रास्त होता. मी चाचांना आणि शिपायाला त्यांच्या कार्यालयात घेऊन गेलो. पिस्तूल रिकामे केले, तपासले, पुन्हा तपासले. शिपायाने ते कव्हरात घातले. चाचांनी जमिनीवर एक सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "बस पोरा. जेवतो तसं."

तो बसला. पुढे झुकला. पिस्तूल मागे सतरंजीवर पडले आणि आवाजसुद्धा झाला नाही. त्याला स्वतःला कळले नाही. तो तसाच झुकून विचारत होता, "पडलं का?"

वरिष्ठ खुर्चीतून उठले. "पुन्हा." पुन्हा पडले. तिसऱ्यांदाही पडले. मग त्यांनी चाचांकडे वळून विचारले, "मग चूक कोणाची?"

मी मध्ये पडलो. डिझाइन गिऱ्हाइकाने आणले होते, 'चूक माझी नाही' असे चाचा सहज म्हणू शकत होते. शिवाय त्यांचे सगळे पोट पोलिसांच्या ऑर्डरींवर. "त्यांचं कव्हर घातलं आणि पिस्तूल पडलं" एवढे वाक्य ठाण्याठाण्यांत पसरले तर त्यांच्या दाराशी कोण येणार? मी त्यांना हळूच म्हणालो, "चाचा, फोटोवर ढकला."

"म्या ल्हिवून दिलं न्हाय, तर ह्यो पोरगा सुटतो का?"

"कठीण आहे."

"मंग ल्हिवा," ते वरिष्ठांना म्हणाले. "चूक माझी. मी त्याला चालवला, पळवला, पर खाली बसवून माप घेतलं न्हाय. गिऱ्हाइकाला काय कळतंय? कळायला पायजे व्हतं मला." जबाब लिहून झाला. त्यांनी तो वाचून घेतला. लेखनिकाने 'अनवधानाने' असा शब्द घातला होता, तो त्यांनी खोडायला लावला. मग सही केली.

आयुष्यभर मी माणसांच्या तोंडून चूक काढण्याचे काम केले. गोड बोलून, धाक घालून, पुरावा समोर ठेवून. दबावाशिवाय, स्वतःचे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना, एका परक्या पोराच्या भाकरीसाठी कोणी ती अशी उचलून टेबलावर ठेवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्या म्हाताऱ्यापुढे मला माझी वर्दी अंगाला थोडी मोठी होत असल्यासारखी वाटली.

शिपायाला जेवायला बसल्याबद्दल किरकोळ शिक्षा झाली आणि तो कामावर परतला. चाचांच्या ऑर्डरी काही महिने खरोखरच आटल्या. मग हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. मी स्वतःचे कव्हर बनवून घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मला मांडी घालून बसवले आणि समोर खरोखरच भाकरीचे ताट ठेवले.

शिपाई हजर झाला त्या सकाळी हजेरी चालू होती. सगळे रांगेत उभे होते. माझ्या हातात त्या दिवसाचे ड्यूटीवाटप होते. ते मी वाचलेच नाही. मी त्याला पुढे बोलावले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मी तुझ्या वडिलांबद्दल बोललो. तुला चोर ठरवला. चूक माझी."

तो सावधान स्थितीत उभा होता, डोळे समोर, गालावरून पाणी ओघळत होते, आणि ते पुसायला हात उचलावा तर सावधान मोडते म्हणून त्याने हात उचलला नाही. शेवटी मीच पुढे झालो आणि माझा रुमाल त्याच्या हातात दिला.